आधी खांदा बघावा

"पोरं ऐकत नाहीत." हे वाक्य ऐकून माझे कान किटले आहेत. पारावर बसा, एसटी स्टँडवर उभे राहा, लग्नाच्या पंगतीत शेजारी एखादे निवृत्त केंद्रप्रमुख येऊन बसू द्या, दुसऱ्या मिनिटाला हे वाक्य येतंच. पुढचंही ठरलेलं असतं. आमच्या वेळी असं नव्हतं, मास्तरांची सावली दिसली तरी पोरं गल्ली बदलायची, छडी गेली आणि शिस्त गेली. ऐकणारे माना हलवतात, तळहातावर तंबाखू मळली जाते आणि एका अख्ख्या पिढीचा निकाल लागून जातो.

मी तीस वर्षांहून जास्त काळ जिल्हा परिषदेच्या शाळांत मास्तरकी केली. पाच गावं फिरलो. त्यात एक वस्ती होती, एक तांडा होता आणि एक तालुक्याजवळचं मोठं बाजारगाव होतं. या निकालाविरुद्ध मला बोलायचं आहे. पण आधीच सांगून ठेवतो, मुलांना फुलांची उपमा देणाऱ्यांतला मी नाही. "वही काढ" म्हटल्यावर माझ्या डोळ्यांत बघत वही दप्तरात सारणारी पोरं मी पाहिली आहेत. "गप्प बस" म्हटलं की मुद्दाम बाक वाजवणारी पाहिली आहेत. मुद्दाम न ऐकणारं पोर असतं, ही काही मास्तरांची कल्पना नव्हे. त्याचं करायचं काय, हा खरा प्रश्न आहे. त्यावर आपल्याकडं दोनच उत्तरं चालतात. एक, ठोकून काढा. दोन, नाद सोडा. दोन्ही उत्तरं आळशी माणसाची आहेत, असं माझं म्हणणं आहे.

आधी ठोकण्याचं बघू. मी ज्या शाळेत शिकलो तिथं निगडीचा ओला फोक चालायचा. फोक तोडून आणायचं काम पोरांकडंच असे. ज्याला मार खायचा तोच आणायचा आणि बारीक आणला तर दुसरा आणायला लावायचे. अंगठे धरणं, खुर्ची करणं, बोटांच्या बेचक्यात पेन्सिल घालून दाबणं, असे नाना प्रकार. बाप पोराला शाळेत घालताना म्हणायचा, "गुर्जी, हाडं आमची, मास तुमचं." आजही माझ्या वयाचे लोक हे कौतुकानं सांगतात. "मार खाल्ला म्हणून तर माणसात आलो" असं म्हणतात.

हे म्हणणारं कोण असतं ते बघा. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात फेटा बांधून बसलेली माणसं असतात. मार खाऊन टिकली ती. जी टिकली नाहीत ती मेळाव्याला येत नाहीत. पहिलीला आमचा वर्ग इतका भरायचा की दारात बसावं लागे. सातवीच्या फोटोत दोन ओळीही धड भरल्या नाहीत. मधली पोरं कुठं गेली? कुणी गुरं राखायला, कुणी हॉटेलात कपबशा विसळायला. सगळी काही फोकामुळं गेली असं मी म्हणत नाही, गरिबी होतीच. पण घरातून शाळेत आणि शाळेतून घरात दोन्हीकडं मारच असेल, तर गुरांमागं जाणं बरं, असा हिशेब पोरगंही करतं. निदान म्हैस अंगठे धरायला लावत नाही. छडीचा गुण मोजताना ही गेलेली पोरं कुणी मोजतच नाही. मग छडी नेहमी शंभर टक्के पास.

आता कायदा आहे. मुलांच्या मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याचं कलम १७ सांगतं की मुलाला शारीरिक शिक्षा करता येणार नाही आणि मानसिक त्रासही देता येणार नाही. यातलं पहिलं सगळ्यांना पाठ आहे. दुसरं सोयीनं विसरलं जातं. हात लावला तर नोकरीवर येईल म्हणून हात आवरला, पण जीभ कुणी आवरली? "तुझ्या बापानं काय दिवे लावले", "तांड्यावरचं ते, त्याला काय कळतंय", "नववीला गेलास तर मिशी काढीन" हे अजून चालू आहे. फोकाचा वळ चार दिवसांत जातो. "तांड्यावरचं" हा शब्द पोरगं तांड्यावर घेऊन जातं आणि दुसऱ्या दिवशी परत येत नाही.

दुसरं उत्तर नाद सोडण्याचं. हे अलीकडचं आहे आणि माझ्या मते छडीइतकंच वाईट आहे. प्रशिक्षणाला जावं तर भिंतीवर रंगीत तक्ते, टाळ्यांचे प्रकार, आनंददायी शिक्षण, मूल केंद्रस्थानी. बोलणं सगळं चांगलं. पण एखादी नवी बाई उभी राहून विचारते, "सर, माझ्या वर्गात एक मुलगा आहे, मी काहीही सांगितलं की मुद्दाम उलटं करतो, बाकीचे हसतात, मी काय करू?" त्यावर उत्तर येतं, "मॅडम, त्याच्याशी मैत्री करा." आणि चहाची सुट्टी होते. मैत्री करायची म्हणजे सोमवारी सकाळी अकरा वाजता नेमकं काय करायचं, हे कुणी सांगत नाही. बाई फाईल आणि पेन घेऊन परत येतात. चार दिवस प्रयत्न करतात, पाचव्या दिवशी म्हणतात, "बसू दे तिकडं. मारता येत नाही, तर मरू दे."

त्या "बसू दे" पासून खरी शिक्षा सुरू होते. पोरगं शेवटच्या पट्टीवर बसतं. त्याला प्रश्न येत नाही. त्याची वही तपासली जात नाही. हजेरीला त्याचं नाव घेताना मास्तर वर बघत नाहीत. तो गप्प आहे म्हणून वर्ग चांगला चालला आहे, असं सगळ्यांना वाटतं. छडी मारणारा मास्तर निदान त्या पोराकडं बघत तरी होता. हा बघतही नाही, आणि वर कायद्याकडं बोट दाखवतो. कलम १७ नं छडी काढून घेतली. लक्ष काढून घ्या असं त्या कायद्यात कुठंही लिहिलेलं नाही. उलट त्याच कायद्याचं कलम २४ मास्तरला सांगतं की प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत बघ आणि लागेल तर त्याला जादा शिकव. पण ते कलम कुणाला पाठ नसतं.

मग करायचं काय? आमच्या गावाकडचा कुठलाही शेतकरी याचं अर्धं उत्तर जाणतो. चांगला चालणारा बैल एके दिवशी औताला अडतो, तासात मधेच फतकल मारून बसतो. अडाणी गडी काय करतो? शेपूट पिरगाळतो, पराणी टोचतो. जाणता शेतकरी आधी जू काढतो आणि खांद्यावरून हात फिरवतो. खांदा आला असेल तर हळद-तेल लावून चार दिवस औताला धरत नाही. मग खूर उचलून बघतो, खडा रुतला का, पत्री निसटली का. रात्री वैरण खाल्ली होती का ते विचारतो. एवढं सगळं बघून झाल्यावर, बैल खरंच खोडीचा आहे असं वाटलं, तरच खोडीचा विचार करतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळण करणारं आपलं गाव. पोराच्या बाबतीत मात्र आपण सरळ पराणीवर येतो. पोरं म्हणजे बैल नव्हेत, हे मलाही कळतं. म्हणून तर बैलाइतकी चौकशी निदान पोराची व्हावी, एवढंच म्हणतो.

खांदा बघणं म्हणजे काय, ते माझ्या वर्गांतलं सांगतो.

एक पोरगी हाक मारली तरी मान वर करायची नाही. आधीच्या बाईंनी पटावर शेरा लिहून ठेवला होता, हट्टी आहे. दोन आठवडे मी बघत होतो. पुढं बसवली की ऐकायची, मागं बसवली की हट्टी व्हायची. पावसात पत्रा वाजायला लागला की अगदीच हट्टी. डावा कान वाहत होता, लहानपणापासून. घरात सगळ्यांना माहीत होतं, शाळेला कुणी सांगितलं नव्हतं, कारण शाळेनं विचारलं नव्हतं. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक आलं तेव्हा तिला पुढं घातलं, तालुक्याला पाठवलं. हट्ट निम्म्यावर आला.

तांड्यावरची पोरं घरी गोरमाटी बोलतात. पहिलीच्या वर्गात मराठीतून "उभे राहा, रांग करा, पाटी काढा, उजवीकडून मोजा" असा सूचनांचा पाऊस पडतो. पोरगं शेजारच्याकडं बघतं, तो उठला की उठतं. शेजारचा चुकला की दोघंही चुकतात आणि दोघांनाही बोलणी बसतात. मी तांड्यावरच्या एका म्हातारीकडून रोजच्या वापरातले पंधरावीस शब्द शिकून घेतले. माझे उच्चार ऐकून पोरं पोट धरून हसली. पण हसता हसता उभी राहिली, रांगही केली.

ऊसतोडीला गेलेल्या घरांची पोरं दिवाळीच्या आगेमागे जातात आणि कारखाना बंद झाला की परततात. तोवर वर्ग भागाकारावर पोचलेला असतो, हे पोरगं वजाबाकीवर राहिलेलं असतं. त्याला "पान नंबर अमुक उघड, उदाहरण सोडव" म्हटलं की ते खिडकीबाहेर बघतं. बघेल नाही तर काय करेल? पाच-सहा महिने पहाटे उठून वाढं गोळा केलं, धाकट्या भावंडाला सांभाळलं, कोपीत चूल पेटवली. तिथं कुणी त्याला पोर समजत नव्हतं. इथं आल्यावर एकदम "ढ" झालं.

आणि यातूनच तो सर्वांत मोठा प्रकार येतो, ज्याला आपण हमखास उर्मटपणा म्हणतो. सहावीच्या वर्गात एक पोरगा होता. "उभा राहून वाच" म्हटलं की म्हणायचा, "न्हाई वाचत. काय करायचं ते करा." वर्ग श्वास रोखून बघायचा. मी त्याला वाचायला लावणं बंद केलं, पण त्याला सोडलं नाही. शाळा सुटल्यावर गुरांच्या दावणीशी गाठलं. "गड्या, वाचता येतं का रे?" बराच वेळ पायानं माती उकरत होता. मग म्हणाला, "जोडाक्षर आलं की अडतंय. पोरं हसत्यात." विचार करा. समोर दोनच वाटा आहेत, चाळीस जणांदेखत ढ ठरायचं, नाहीतर उर्मट ठरायचं. इभ्रत असलेला माणूस काय निवडेल? उर्मट पोराला गावात निदान मान आहे, ढ पोराला काहीच नाही. तो पोरगा मुद्दामच ऐकत नव्हता, यात शंका नाही. पण त्या मुद्दामपणाखाली जोडाक्षर रुतलेलं होतं. पावसाळाभर मधल्या सुट्टीत, चिंचेखाली, बाकीच्यांच्या नकळत आम्ही जोडाक्षरं केली. दिवाळीनंतर एकदा आपण होऊन उठला आणि वाचला. अडखळला दोन ठिकाणी, पण बसला नाही.

आता खोडीचा बैल. सगळं बघून झालं. कान ठीक, भाषा ठीक, वाचता येतं, पोट भरलेलं आहे, तरी ऐकत नाही. असा एक सातवीत होता, गावातल्या वजनदार घरचा. त्या शाळेत शनिवारी सगळ्यांनी मैदान झाडायचा रिवाज होता. प्रत्येकाला आपला तुकडा वाटून दिलेला. चिंचेखालचा तुकडा माझा, तो मी झाडायचो. हा पठ्ठ्या खिशात हात घालून उभा राहिला. "आमच्यात झाडायला गडी हाय." सगळी पोरं माझ्याकडं बघायला लागली.

अशा वेळी मास्तरच्या डोक्यात रक्त चढतं. आपली इभ्रत गेली असं वाटतं. इथंच सगळं बिघडतं, कारण पोराला हवी असते ती हीच कुस्ती. बघे जमलेले आहेत, फड रंगला आहे, मास्तर लांग कसून उतरला की तो हरूनही जिंकतो. मी त्याच्या जवळ गेलो आणि हळू आवाजात म्हणालो, "बरं. तुझा तुकडा तुझाच राहील, दुसरं कुणी झाडणार नाही. झाडून झालं की खेळायला ये." आणि पाठ फिरवून माझा तुकडा झाडायला लागलो. तो तुकडा तसाच राहिला. बाकीची पोरं कबड्डी खेळली, हा कडेला उभा. सोमवारपासून मी त्याच्याशी नेहमीसारखाच वागलो, प्रश्न विचारले, वही तपासली. पुढच्या शनिवारी तेच वाक्य, तोच आवाज. तिसऱ्या शनिवारी वडील आले. "गुर्जी, आमच्या पोराला झाडू धरायला लावता व्हय?" म्हटलं, "दादा, मी बी धरतो. बघा, तो चिंचेखालचा माझा." त्यांनी माझ्या हातातल्या झाडूकडं बघितलं, काही न बोलता चहाला चला म्हणाले. पाचव्या शनिवारी मी शाळा उघडायला आलो तेव्हा तो तुकडा झाडून ठेवलेला होता. पोरगा कुठंच नव्हता. मी वर्गात त्याचं कौतुक केलं नाही. सगळ्यांदेखत केलेलं कौतुकही अशा पोराला हार वाटते. खेळायला बोलावलं, इतकंच.

यात जादू काही नाही. सूचना एकच होती, खरी होती आणि सांगणाराही ती पाळत होता. तिचा परिणाम लहान होता, पण ठरलेला होता आणि त्या कामाशी जोडलेला होता. झाडलं नाही म्हणून पाढे लिही, असलं उफराटं काही नव्हतं. पोराला माघार घ्यायला जागा होती, कुणी बघत नसताना. आणि शिक्षा त्याच्या अख्ख्या आठवड्यावर पसरलेली नव्हती. बहुतेक मास्तर यातलं एकेक उलटं करतात. लांबून ओरडतात, एका दमात पाच गोष्टी सांगतात, "पुन्हा केलंस तर बघ" म्हणतात आणि पुन्हा केल्यावर काहीच बघत नाहीत. एकाच्या खोडीसाठी सगळ्या वर्गाला उभं करतात. मॉनिटरला फळ्यावर नावं लिहायला लावून पोरातच फितुरी पेरतात.

आणि सर्वांत घातक वाक्य म्हणजे, "उद्या बापाला घेऊन ये, नाहीतर येऊ नको." मास्तरला वाटतं आपण पालकांना सामील करून घेतलं. बापाची एक दिवसाची रोजंदारी बुडते. तो आला तर वर्गाच्या दारातच पोराच्या कानाखाली आवाज काढतो. आला नाही, तर पोरगंही येत नाही. "नाहीतर येऊ नको" ही एवढी एकच सूचना अशी आहे की, जी न ऐकणारं पोरही बिनबोभाट ऐकतं. तिसऱ्या दिवशी त्याच्या नावापुढं गैरहजेरी लागते, महिन्यानं "सतत गैरहजर" लागते. कलम १६ प्रमाणं आठवीपर्यंत कुणाला शाळेतून काढता येत नाही. काढायची गरजच काय? पालकांना भेटायचंच असेल तर मास्तरनं संध्याकाळी त्यांच्या दारात जावं. तक्रार घेऊन जाऊ नये, चौकशी करायला जावं.

यावर शिक्षक मित्र मला विचारतात, "तुम्हाला बोलायला सोपं आहे. दोन शिक्षक, चार वर्ग, एका पोरासाठी वेळ कुठून आणायचा?" प्रश्न रास्त आहे. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असा नियमच आहे. म्हणजे पाच वर्गांच्या शाळेतही दोघंच. दुसरीला शिकवायचं तर चौथीला "गप्प बसा, पाढे लिहा" म्हणावंच लागतं. पण हेही मान्य करू की ही सूचना शिकण्यासाठी नसते, वेळ मारून नेण्यासाठी असते. पोरांना ते कळतं. पाढे लिहिले तरी कुणी बघणार नाही, हे त्यांना पहिल्याच महिन्यात समजलेलं असतं. आणि वेळेचं म्हणाल तर ओरडण्यात जातो तो वेळच आहे. तो वाचवून एका पोराला रोज पाच मिनिटं देता येतात. दुसरी एक गोष्ट. पोरगं दुसऱ्यांना मारत असेल, दगड उचलत असेल, तर तिथं खांदा बघत बसू नये. आधी त्याला बाजूला घ्यावं, बाकीच्यांना सांभाळावं. चौकशी नंतर. बाकीच्या एकोणचाळीसांनाही शिकायचा हक्क आहे.

शिक्षक मित्रांना मी उलट एक प्रश्न विचारतो. वरून आलेली किती परिपत्रकं तुम्ही मुद्दाम ऐकत नाही? मग सगळे हसतात. अमुक दिवस साजरा करा, तमुक माहिती आज दुपारपर्यंत भरा, फोटो टाका, हीच माहिती पुन्हा वेगळ्या नमुन्यात भरा. आपण काय करतो? मागच्या वर्षीचा फोटो टाकतो. माहिती अंदाजे भरतो. का? कारण सूचना बिनकामाची आहे, आपल्याला कुणी विचारलेलं नाही, आणि भरलं तरी कुणी वाचणार नाही. कधी ते काम आपल्याला जमत नसतं आणि कबूल करायची लाज वाटते. आता हीच कारणं त्या मागच्या पट्टीवरच्या पोराच्या तोंडी घालून बघा. एकही शब्द बदलावा लागत नाही. आपण केलं की ती व्यवहारचतुराई, पोरानं केलं की मुजोरी!

आपल्याकडच्या मोठ्या माणसांनी हे फार आधी ओळखलं होतं. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढं निवेदन दिलं, त्यात शिक्षक कसा असावा हेही सांगितलं. तो शेतकरी वर्गातून यावा, पोरांत मिसळणारा असावा आणि वेळ पडली तर नांगराचं रुमणं धरायला लाजणारा नसावा, असा त्यांचा आग्रह होता. पोरांपासून लांब राहणाऱ्या मास्तरला पोरांचं दुखणं कळत नाही, हे त्यामागचं कारण. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आधी बोर्डीला आणि मग कोसबाडला आदिवासी पाड्यांत काम करायला लागल्या. पोरं शाळेत येईनात. त्यांनी पोरांना नावं ठेवली नाहीत, शाळाच अंगणात नेली. गुरं राखणारी पोरं अंगणातही येईनात, तर शाळा कुरणात नेली. गिजुभाई बधेकांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातला मास्तर पहिल्या दिवशी वर्गाला शांत बसवायला जातो आणि पुरता फसतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला लागतो आणि वर्ग आपोआप गप्प होतो. पोरं ऐकत नाहीत म्हणजे आपलं सांगणं एकदा तपासून बघायला हवं, असं ही सगळी माणसं धरून चालली.

शहरातल्या वाचकांना वाटेल, हे खेड्यातलं रडगाणं आहे. तुमच्या पोराच्या डायरीत लाल शाईनं शेरा येतो, "वर्गात लक्ष देत नाही, सूचना पाळत नाही." तुम्ही रात्री त्याला समोर बसवून विचारता, "का ऐकत नाहीस?" तो काय सांगणार? फरक इतकाच की तुमच्या पोराला शिकवणी आहे, समुपदेशक आहेत, दुसरी शाळा आहे. तुमच्याकडं त्या शेऱ्यानं एक संध्याकाळ खराब होते. आमच्याकडं त्याच शेऱ्यावर पोराचं पुढचं आयुष्य ठरतं. पोरगा आधी बापाबरोबर, मग लग्न होऊन स्वतःच्या बायकोबरोबर फडात उतरतो आणि नवरा-बायको मिळून मुकादमाच्या वहीत एक कोयता म्हणून लागतात. पोरगी असेल तर तेही लवकर. तेव्हा कुणी विचारत नाही की हिचा डावा कान वाहत होता का, ह्याला जोडाक्षर अडत होतं का.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पटावर, डायरीत, पालकसभेत, पारावर "ऐकत नाही" हे दोन शब्द लिहिण्या-बोलण्याआधी प्रत्येकानं आपण काय काय बघितलं ते सांगावं. कान बघितला का? घरची भाषा विचारली का? वाचता येतं का, हे एकट्यात विचारलं का? दिलेली सूचना खरोखर कामाची होती का? आणि ती आपण स्वतः पाळत होतो का? एवढं सगळं करूनही पोरगं ऐकत नसेल, तर उद्या पुन्हा त्याच आवाजात सांगावं आणि परवा पुन्हा. काही पोरं तरीही हाताला लागत नाहीत, हे तीस वर्षांनंतर मी नाकारणार नाही. पण न बघताच जी सोडली गेली, त्यांची संख्या फार मोठी आहे, आणि ती आपल्याच गावात, आपल्यासमोरून रोज कामाला जातात.